घटपर्णीचं झाकण

नागपुरात खोली बघायला गेलं की घरमालक काय काय विचारतात हे मला तोवर पाठ झालं होतं. लग्न झालंय का, मटण शिजवणार का, घरी किती वाजता येणार, आणि मग वळणावळणानं गाडी आडनावापर्यंत. मी सगळी उत्तरं तयार ठेवूनच मानेवाड्यातल्या त्या घराचं फाटक उघडलं. बाहेर आले ते एक उंच, वाळके गृहस्थ. अंगात बंडी, गळ्यात बुटाच्या नाडीत ओवलेलं भिंग. मी मिहानमधल्या, विमानतळाजवळच्या एका कंपनीतल्या नोकरीबद्दल सांगायला लागले, तर त्यांनी हातानंच थांबवलं आणि विचारलं, "एसी लावशील का?"

मला वाटलं, विजेच्या बिलाची काळजी असेल. मी घाईघाईनं म्हटलं, छे, मला कूलर पुरतो. त्यांचा चेहराच उतरला. कूलरवालीला खोली द्यायची नाही असं काहीसं पुटपुटत ते आत वळले. तेवढ्यात आतून एका बाईंचा आवाज आला की पोरीला आधी पाणी तर द्या, मग हाकला. त्या काकू. त्यांनी मला बसवलं, गुळाचा खडा दिला आणि खरी गोष्ट समजावून सांगितली. मी एसी लावला तर भाडं थोडं कमी होणार होतं. मात्र एसीचं गळणारं पाणी नळीनं बादलीत घ्यायचं, आणि ती बादली रोज सकाळी खाली आणून द्यायची. बादलीला साबणाचा हात लागता कामा नये.

मी आधी पुष्कळ ठिकाणी भाड्यानं राहिले होते. पाणी देणारे घरमालक पाहिले होते, न देणारे तर फारच, पण भाडेकरूकडून पाणी मागणारा पहिलाच. मी हो म्हटलं, ते पटलं म्हणून नव्हे, गोंधळले म्हणून. त्या घरात पुढं मी जे जे केलं ते बहुतेक याच कारणानं केलं.

सामान लावून झालं आणि वरचा पंखा फिरेना. मी खाली जाऊन पंखा बिघडल्याची तक्रार केली. ते भिंगातून एका पानाकडे बघत होते. मान वर न करता म्हणाले, "पाहून सांगून राहिली का अंदाजानं?"

मी जागच्या जागी ताठ झाले. हे वाक्य, अगदी याच आवाजात, मी काटोलच्या शाळेत आठवीचं अख्खं वर्ष ऐकलं होतं. विज्ञानाचे सर. मी चाचरत माझं नाव सांगायला लागले, तर म्हणाले, नाव राहू दे, आकृती सांग. कोणती आकृती चुकली होती तुझी? मी म्हटलं, अमीबा. सरांचा चेहरा एकदम उजळला. "पाय काढले होते तू त्याले. चार. कुत्र्यावानी."

काकू म्हणाल्या की यांना पोरांची नावं आठवत नाहीत, फक्त चुका आठवतात. हे खरंच होतं. रस्त्यात भेटलेल्या टक्कल पडलेल्या माणसाला ते 'फुप्फुस एकच' म्हणून हाक मारत आणि तो माणूस वाकून पाया पडत असे. पंखा मात्र बिघडला नव्हता. दाराजवळचं एक बटण मी पाहिलंच नव्हतं.

'पाहून सांग' हा त्यांचा मंत्र म्हणा, छळ म्हणा. शेजाऱ्यांनी फाटकातून ओरडून आज सत्तेचाळीसला गेलं म्हटलं, की सर घरातला थर्मामीटर आणून त्यांच्या हातात देत. संत्रीवाला साखरेसारखी गोड आहेत म्हणाला तर त्याला विचारत, तू यातलं खाल्लं का? त्या बिचाऱ्यानं एकदा इरेला पेटून गाडीवरचं संत्रं सोललं, एक फोड तोंडात टाकली, तोंड वाकडं केलं आणि उरलेलं संत्रं मुकाट्यानं सरांना देऊन टाकलं. काकूंना तर दूध उतू गेलं हेही पुराव्याशिवाय म्हणता येत नसे. त्या कन्हानच्या. वडील खाणीत कामाला होते. त्या म्हणत, आमच्या घरी बाप सांगेल ते खरं होतं, इथं नवरा म्हणतो भिंग आण.

आणि अशा माणसानं आयुष्यात एकच गोष्ट न पाहता शिकवली होती, ती म्हणजे घटपर्णी.

काटोल म्हणजे संत्र्यांचा गाव. तिथं किडे झाडं खातात, आणि त्यापायी घरोघर फवारे, औषधांचे वास आणि आईबापांची भांडणं. अशा गावात किडे खाणारं झाड म्हणजे उलटा न्याय होता. आम्ही सगळी पोरं त्या धड्याची वाट बघायचो. मोठ्या भावंडांनी आधीच सांगून ठेवलेलं असायचं. सर हिरव्या खडूनं फळ्यावर पान काढायचे, पानाच्या टोकाला तंतू, तंतूच्या टोकाला घट आणि घटावर झाकण. मग खडू ठेवून डाव्या हाताची पोकळ मूठ करायचे. हा घट. उजवा तळहात त्यावर वीतभर उंच धरायचे. हे झाकण. आवाज हळूहळू खाली जायचा. माशी येते. काठावर बसते. गोड लागतं. आणखी वाकते. पाय घसरतो. वर्गात चिडीचूप. शेजारच्या वर्गातली पोरं खिडकीला लटकलेली. आणि मग तो तळहात मुठीवर आदळायचा, टप्प! पहिल्या बाकावरच्या मुली दर वर्षी किंचाळायच्या. मीही किंचाळले होते.

परीक्षेत झाकणाच्या बाजूला बंद होण्याचा बाण काढला नाही तर अर्धा मार्क जात असे.

पुस्तकात झाकण आहे एवढंच लिहिलं होतं. ते बंद होतं, हे सरांनी स्वतःच्या मनानं जोडलेलं. मी त्यांना पुढं कधीतरी विचारलं की तुम्हाला असं का वाटलं. त्यांनी डोळ्याचं भिंग खाली सोडलं. मग म्हणाले की आपल्याकडे घट म्हणजे पाण्याचं मडकं, आणि मडक्यावरचं झाकण उघडं टाकलं की आईचा धपाटा. झाकण आहे म्हणजे ते लागणारच. त्यांना याची कधी शंकाच आली नव्हती.

निवृत्तीच्या वेळी शाळेनं काय भेट हवी म्हणून विचारलं तेव्हा सरांनी घटपर्णी मागितली. कोणालाच ती कुठं मिळते ते माहीत नव्हतं, म्हणून भिंतीवरचं घड्याळ दिलं. मग नागपूरच्या घरी राहायला आल्यावर त्यांनी स्वतःच केरळातून रोप मागवलं. भोकं पाडलेल्या खोक्यातून ते कुरियरनं आलं. त्या पहिल्या रोपाचा जीव गेला तो प्रेमापायी. सरांचा एक जुना विद्यार्थी, काटोलचा मोठा संत्रा बागायतदार, भेटायला आला होता. रोप मरतुकडं दिसलं म्हणून त्यानं गुपचूप गाडीतली शेणखताची पिशवी काढली आणि मूठभर खत घातलं. आठवडाभरात रोप काळं पडलं. या झाडाला खत चालत नाही, चांगली माती चालत नाही, नळाचं पाणीही चालत नाही. शेवाळ आणि नारळाच्या काथ्यात ते जगतं, आणि पाणी हवं ते क्षार नसलेलं, पावसाचं किंवा एसीचं. बागायतदाराला हे काही केल्या पटेना. त्यानं विचारलं, "खत नाही, माती नाही, मंग सर, हे झाड जगते तरी कशावर?" सर म्हणाले, तेच तर पाहून राहिलो.

मी राहायला गेले तेव्हा दुसरं रोप मागच्या वऱ्हांड्यात होतं. वर हिरवी जाळी, बाजूनं ओलं तरट, आणि घरातला एकुलता एक मोठा कूलर तोंड करून त्याच्याकडे. नागपूरच्या मे महिन्यात पाहुणे बैठकीत वर्तमानपत्रानं वारा घेत बसायचे आणि वाळ्याचा गार वारा मागं झाड खायचं. खालच्या मजल्यावर डासांची अगरबत्ती लावायला बंदी. डास आले पाहिजेत. ते मलाच जास्त चावले, पण माझं कोण ऐकतंय. काकू त्या झाडाला 'बोळकं' म्हणत. बोळक्याला पाणी घातलं का, बोळक्यापायी माझा घाम निघून राहिला, असं दिवसभर चालायचं.

झाड मला कधी आवडलं असं म्हणणं खोटं होईल. पानाच्या टोकाला एक तंतू फुटतो, त्याचं टोक फुगत जातं आणि त्याचा तांबूस, ठिपकेदार असा बोटभर घट होतो. बघावं तर सुंदर, फार वेळ बघावं तर शिसारी येते. मला ते नक्की काय वाटतं हेच ठरवता येत नसे.

नवा घट आधी बंद असतो. एके सकाळी सरांनी हाका मारमारून मला खाली बोलावलं. झाकण उघडलं होतं. सर लहान मुलासारखे खूश. उघडलं म्हणजे आता लागणार, असं त्यांनी जाहीर केलं आणि स्टूल घेऊन समोर बसले.

मुंग्या आल्या. काठावर फिरल्या. एक पडली, दुसरी पडली. झाकण हललं नाही.

सरांना आधी वाटलं, मुंगी फार हलकी असेल. मग एक माशी पडली. तरी नाही. मग कूलरच्या वाऱ्यावर संशय, मग माझ्या एसीवर. काल एसी कितीवर ठेवला होता, बादली कुठं ठेवली होती, असली उलटतपासणी मी ऑफिसला निघताना पायरीवर उभी राहून देत असे. एका रविवारी कंटाळून मी मोबाइलवर शोधलं. दोन मिनिटांत मिळालं. हे झाकण एकदा उघडतं आणि कधीच बंद होत नाही. पावसाचं पाणी आत भरू नये एवढंच त्याचं काम, किडा आतल्या गुळगुळीत भिंतीमुळं अडकतो. मी सरांना वाचून दाखवलं.

"पाहून सांगून राहिली का वाचून?" त्यांनी विचारलं, पण नेहमीच्या जोरात नाही.

त्यानंतर ते बोलायचे कमी झाले. सकाळी स्टुलावर, दुपारी स्टुलावर. ताटात पोळी तशीच. काकू वाढून वाढून थकल्या. मी एकदा धीर करून म्हटलं की सर, एवढं काय त्यात? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी विचारलं ते बरोबर की चूक हेच मला कळेना. मग म्हणाले, "हे लागलं नाही, त मी इतक्या पोरांले काय शिकवलं? मीच म्हणलं ना, पाहून सांगा." मनात आलं, कोणाला फरक पडतो? पण त्यांना पडत होता, आणि तो जेवणाच्या ताटात दिसत होता.

आणि मग एका संध्याकाळी मी मिहानहून आले तर फाटकातच काकूंनी माझ्या हातावर संत्रा बर्फी ठेवली. आतून सरांचा फोनवरचा आवाज येत होता, काटोलच्या वर्गातला, भरदार. झाकण लागलं होतं. दुपारची झोप काढून ते वऱ्हांड्यात गेले तर घट बंद. मला ओढत नेऊन दाखवलं. खरंच बंद होता. माझ्या मोबाइलनं मला तोंडघशी पाडलं होतं. मी गोंधळून भिंगातून बघत राहिले आणि सर मागं उभे राहून पुन्हा पुन्हा म्हणत होते, पाहून घे, नीट पाहून घे.

जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर त्यांनी फोटो टाकला. खाली लिहिलं, 'झाकण बंद झाले.' लगेच अभिनंदनांचा पाऊस. फुलं, जोडलेले हात, एकानं तर वाढदिवसाच्या शुभेच्छाही दिल्या. कशाचं झाकण हे कोणीच विचारलं नाही. सरांनी त्याच ग्रुपवर येत्या रविवारी सगळ्यांना मुलाबाळांसह घरी बोलावलं. घटपर्णीचा तास होणार होता, या वेळी खऱ्या झाडासमोर.

मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. काकू नळाखाली एक वाटी नखानं खरवडत होत्या. वाटीच्या तळाला पिवळसर, चकचकीत काहीतरी चिकटलेलं. डिंक. मला आधी काहीच उमगेना. डिंकाचे लाडू थंडीत करतात, भर मे महिन्यात डिंक कशाला भिजवला? काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं. सर झोपले होते तेव्हा त्यांनी कूलर बंद केला होता, झाकण बोटानं हलकेच खाली दाबलं होतं आणि डिंक सुकेपर्यंत वर्तमानपत्रानं वारा घातला होता. हे त्यांनी मला अगदी पदार्थाची कृती सांगावी तसं सांगितलं.

"माणूस धड जेवून नाही राहिला," त्या म्हणाल्या. "एक झाकण लावलं त कोणाचं काय गेलं वं? त्याईले सांगजो नको."

मी मान हलवली. रात्री सर तीन पोळ्या जेवले.

पुढचे दोन दिवस मी सरांना टाळत होते. खोटं बोलायला मला जमत नाही आणि खरं बोलायची सोय नव्हती. शिवाय मला कळत नव्हतं की यात वाईट कोण आहे. काकू वाईट नव्हत्या, सर वाईट नव्हते, झाड तर बिचारं आपलं काम करत होतं.

शुक्रवारी सकाळी बादली घेऊन खाली आले. सर स्टुलावर बसले होते आणि झाकण उघडं होतं. कूलरच्या ओल्या हवेत डिंक विरघळला होता. झाकणाच्या कडेपासून घटाच्या काठापर्यंत एक बारीक, पिवळसर तार लोंबत होती. सरांनी ती बोटावर घेतली, भिंगाखाली धरली आणि मग जिभेला लावली.

"डिंक," ते म्हणाले.

मी बादली हातात घेऊन उभीच. आत काकूंच्या भांड्यांचे आवाज येत होते. सरांनी बोट बंडीला पुसलं, बराच वेळ त्या आवाजाकडे कान देऊन बसले आणि मग अगदी हळू म्हणाले, "तिले सांगू नको."

आता दोघांचं गुपित एकच होतं, आणि दोघांपासून ते मलाच लपवायचं होतं. मला तेव्हा हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. मी माझ्या मते शहाणपणाचा सल्ला दिला. म्हटलं, सर, ग्रुपवर तर सांगून झालंय. लागलं होतं आणि पुन्हा उघडलं असं सांगून टाका. कोण तपासायला येतंय? तो धडा कोणाच्या लक्षातही नाही.

"तुले काय लक्षात आहे त्याच्यातलं?"

मी बादली खाली ठेवली, डाव्या हाताची मूठ केली आणि उजवा तळहात वरून आपटला. टप्प.

सर माझ्या हातांकडे बघत राहिले. "बस. तेच खोटं होतं," ते म्हणाले. "बाकी सारं खरं शिकवलं होतं. ते कोणाच्या लक्षात नाही." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "आणि खरं सांगतो म्हणलं, त तिच्या डिंकाचं काय करू?"

हे त्यांनी मला विचारलं होतं. आठवीत मी अमीबाला चार पाय काढणारी पोरगी, मी काय सांगणार? पुढं पुष्कळ दिवस मी त्यावर विचार केला आणि दर वेळी वेगळं उत्तर आलं. त्या वेळी मी नुसतीच बादली त्यांच्याकडे सरकवली. त्यांनी त्यातलं पाणी वाटीनं झाडाला घातलं, रोजच्यासारखंच.

शनिवारी ते जेवताना मोठमोठ्यानं वांग्याच्या भाजीचं कौतुक करत होते. आयुष्यात कधी केलं नसेल. काकू जिन्यापर्यंत येऊन मला हळूच सांगून गेल्या की पाहा, अंगाला लागून राहिलं खाणं. मला रडू कोसळलं, ते मी वर जाऊन रडले. वऱ्हांड्याचं दार सरांनी दोन दिवस लावून ठेवलं होतं. तासापर्यंत कोणी पाहायचं नाही असं सांगून. काकूंना ते खरंच वाटलं.

रविवारी आले ते फार नव्हते. खताची मूठ टाकणारा बागायतदार आपल्या मुलीला घेऊन आला होता, 'फुप्फुस एकच' सहकुटुंब होता, एक परिचारिका आपल्या जुळ्यांना घेऊन कामठीहून आली होती, आणि आणखी दोन-तीन घरं. सरांनी कूलरचं तोंड पहिल्यांदाच माणसांकडे वळवलं. मुलं सतरंजीवर, आईबाप मागं भिंतीला टेकून. आईबापांनी मुलांना काय सांगून आणलं होतं ते त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं. दोघं-तिघं आधीपासून कानांवर हात धरून बसली होती. काकू आत पोहे परतत होत्या, तर्रीचा वास सगळीकडे दरवळत होता.

सरांनी फळ्यावर हिरव्या खडूनं पान काढलं. तंतू काढला, घट काढला, झाकण काढलं. बाण काढला नाही. मागं बसलेल्यांपैकी कोणाच्या ते लक्षात आलं नाही. मग त्यांनी डाव्या हाताची पोकळ मूठ केली आणि उजवा तळहात वर धरला. माशी येते. काठावर बसते. गोड लागतं. आवाज खाली खाली जात गेला. बागायतदारासारखा दांडगा गडी, त्यानंही श्वास रोखला होता. काकू पोह्यांच्या बश्यांचं ताट घेऊन दारात येऊन थांबल्या. पाय घसरतो, सर म्हणाले.

आणि हात वरच राहिला.

मुलं थांबली. कूलरचा पंखा तेवढा ऐकू येत होता. बागायतदाराच्या मुलीनं कानांवरचे हात काढले. "मारा ना, सर," ती म्हणाली.

"नाही मारत वं पोरी," सर म्हणाले. "हे झाकण लागत नाही. कधीच नाही. तुमच्या आईबापाले मी चूक शिकवलं."

मागं कोणी हसलं, कोणी एकमेकांकडे पाहिलं. बागायतदारानं प्रामाणिकपणे विचारलं, पण सर, फोटोत तर लागलं होतं ना? मी काकूंकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि बघितलंच. त्यांच्या हातातलं ताट एका बाजूला कललं होतं.

"लागलं होतं," सर म्हणाले. ते दाराकडे वळले नाहीत. "पण ते झाडानं नव्हतं लावलं. झाडाले काय पडली माह्या जेवणाची."

त्यांचा उजवा हात अजून वरच होता. सत्तरी ओलांडलेल्या माणसाचा हात किती वेळ असा अधांतरी राहणार? बोटं थरथरायला लागली होती. मुलांना वाटलं, आता पडेल, आणि ती पुन्हा कानांवर हात धरून तयार झाली. मला उठून तो हात धरावासा वाटला, पण मी कोण?

काकूंनी ताट खाली ठेवलं. मुलांमधून वाट काढत पुढं आल्या आणि पदरानं हात पुसत सरांसमोर उभ्या राहिल्या.

"हात खाली घ्या आता," त्या म्हणाल्या. "समजलं सगळ्याईले."

सरांनी हात खाली घेतला. मुठीवर नाही, बाजूनं, मांडीवर. काकूंनी दारातलं ताट उचलून आणलं आणि पहिली बशी त्यांना दिली.